गगन (दिशादर्शन प्रणाली)

गगन ही भारतीय हवाई क्षेत्रासाठी उभारलेली उपग्रहाधारित पूरक दिशादर्शन प्रणाली आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्था (इस्रो) आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ती संयुक्तपणे विकसित केली. ‘जीपीएस एडेड जिओ ऑगमेंटेड नॅव्हिगेशन’ या नावाच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. ‘नाविक’ या भारताच्या स्वतंत्र स्थाननिश्चिती प्रणालीशी तिची अनेकदा गल्लत केली जाते. गगन स्वतः स्थान ठरवत नाही, तर अमेरिकेच्या जीपीएसमधील चुका दुरुस्त करते.

कार्यपद्धती

नागपूर व गोव्यासह देशातील १५ ठिकाणी गगनची संदर्भ केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्राचे स्थान अचूक ठाऊक असल्याने जीपीएसने दाखवलेले स्थान किती चुकले हे तेथे मोजता येते. त्यावरून तयार केलेल्या दुरुस्त्या जीसॅट-८, जीसॅट-१० व जीसॅट-१५ या भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानांपर्यंत पोहोचतात.

अचूकतेइतकीच विश्वासार्हताही महत्त्वाची ठरते. एखादा जीपीएस उपग्रह चुकीची माहिती देऊ लागल्यास वैमानिकाला काही सेकंदांत इशारा मिळावा लागतो. गगनला २१ एप्रिल २०१५ रोजी मिळालेल्या ‘एपीव्ही-१’ प्रमाणनासाठी ही मर्यादा १० सेकंदांची आहे. उंचीच्या मापनात चूक अधिक होते, कारण सर्व उपग्रह विमानाच्या वरच्याच बाजूला असतात. आणि उतरताना उंचीच सर्वाधिक निर्णायक असते.

आयनांबराची अडचण

अमेरिका, युरोप व जपान यांच्या प्रणाली मध्य अक्षांशांवर काम करतात. भारतावरील आयनांबर मात्र चुंबकीय विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे फार अस्थिर आहे. तेथील विद्युतभारित कणांची घनता थोड्या अंतरात झपाट्याने बदलते आणि सूर्यास्तानंतर संकेत लुकलुकू लागतात. परदेशी प्रारूप जसेच्या तसे वापरणे त्यामुळे शक्य नव्हते. इस्रोने या प्रदेशासाठी बहुस्तरीय प्रारूप विकसित केले; प्रकल्पाचे सर्वांत मोलाचे वैज्ञानिक फलित बहुधा हेच.

वापर

आयएलएस या प्रचलित अवतरण प्रणालीसाठी प्रत्येक धावपट्टीवर स्वतंत्र उपकरणे बसवावी लागतात. लहान विमानतळांना तो खर्च झेपत नाही. गगनचा खरा लाभ तेथे आहे. तरीही प्रमाणनानंतर सात वर्षांनी, एप्रिल २०२२ मध्ये, इंडिगोचे एटीआर-७२ विमान राजस्थानातील किशनगढ येथे गगनच्या साहाय्याने उतरले. विलंबाचे कारण आकाशात नव्हते. विमानांत योग्य ग्राहकयंत्रे नव्हती, आणि आयएलएस असलेल्या मोठ्या विमानतळांवर ये-जा करणाऱ्या कंपन्यांना ती बसवण्यात फारसा फायदा दिसत नव्हता. राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरण, २०१६ नुसार १ जानेवारी २०१९ पासून भारतात नोंदणी होणाऱ्या विमानांना गगनसज्ज असणे बंधनकारक होणार होते. ही मुदतही पुढे ढकलण्यात आली. २०२३ मध्ये जुहू ते पुणे मार्गावर हेलिकॉप्टरसाठी या प्रणालीचे प्रात्यक्षिक झाले.

बनावट संकेतांचा धोका

दिल्ली विमानतळाच्या धावपट्टी १० कडे येणाऱ्या काही विमानांना बनावट जीपीएस संकेत मिळाल्याचे केंद्र सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मान्य केले. अशा प्रसंगी गगनचे संरक्षण अपुरे पडते. दूरवरच्या संदर्भ केंद्रांना खरे संकेतच मिळत असतात, त्यामुळे एका विमानाची फसवणूक त्यांच्या नजरेस येत नाही. शिवाय गगनचे संदेशही जीपीएसच्याच कंप्रतेवर येतात. जमिनीवरील जुनी दिशादर्शक उपकरणे म्हणूनच किमान संख्येत चालू ठेवण्यात आली आहेत.