परक्या मैदानावर जुळवून घेताना

मार्च 2024 मध्ये इस्तंबूलच्या फेनरबाहचे क्लबकडून खेळताना नायजेल हेज-डेव्हिस या अमेरिकन खेळाडूने युरोलीगच्या एकाच सामन्यात 50 गुण केले. युरोलीग म्हणजे युरोपातील बास्केटबॉल क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा. 2000 सालानंतर तिथे एका सामन्यात इतके गुण कोणी केले नव्हते. आधीचा 49 गुणांचा विक्रम शेन लार्किनच्या नावावर होता, आणि तोही अमेरिकेतून इस्तंबूललाच आलेला. नवल असे की, अमेरिकेच्या एनबीएमध्ये दोघांनाही पक्की जागा मिळाली नव्हती. हेज-डेव्हिसला तर 2017-18 च्या मोसमात तीन संघांकडून जेमतेम काही सामने खेळायला मिळाले आणि तो बाहेर पडला.

मग तिथे नापास झालेला मुलगा इकडे पहिला कसा आला? युरोपचा खेळ सोपा आहे, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. तो खेळ वेगळा आहे. एनबीएचा सामना 48 मिनिटांचा, इथे 40 मिनिटांचा. तिथे सहाव्या फाउलला बाहेर जावे लागते, इथे पाचव्यालाच. खरी अडचण बास्केटखालच्या रंगवलेल्या जागेची. अमेरिकेत बचाव करणारा खेळाडू कोणाला अडवत नसेल, तर त्याला तिथे तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. युरोपात असे बंधन नाही. एखादा सात फुटी गडी तिथेच पहाऱ्याला उभा राहतो आणि वेगाने आत घुसणाऱ्या नव्या पाहुण्याची वाट बंद होते. एकट्याच्या जोरावर गुण करायची सवय लागलेल्याला चेंडू सोडायला शिकावे लागते. घरच्या देशात जो संघाचा तारा होता, तो इथे काही वेळा पंधरा मिनिटेच खेळतो, आणि उरलेला वेळ बाकावर बसून प्रशिक्षकाची बोलणी ऐकतो.

हेज-डेव्हिस हे सात वर्षे शिकत राहिला. आधी इस्तंबूलचा गलातासराय, मग लिथुआनियातील काउनासचा झाल्गिरिस, नंतर बार्सिलोना, आणि शेवटी फेनरबाहचे. 2025 मध्ये अबुधाबीत फेनरबाहचेने युरोलीग जिंकली, तेव्हा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता. त्यानंतर एनबीएने त्याला परत बोलावले.

मैदानाबाहेरचे जगणे आपल्या वाचकांना फार समजावून सांगायला नको. ज्यांच्या घरचे कोणी कुवेत, दुबईला आहे, त्यांना करार, कंपनीची खोली आणि रात्रीचे फोन ठाऊक आहेत. इथे क्लब घर आणि गाडी देतो. पण करार बहुधा एक-दोन वर्षांचाच असतो. मुलांची शाळा कुठे घालायची, हा प्रश्न दर उन्हाळ्यात नव्याने उभा राहतो. काही क्लब पगारही थकवतात. अशा तंट्यांसाठी ‘फिबा’ या जागतिक महासंघाला 2007 मध्ये वेगळा लवाद स्थापन करावा लागला, यावरून काय ते समजावे.

खेळ, हवा, जेवण, भाषा यांच्याशी माणूस जुळवून घेतो. पण एका मुलीकडून त्याहून वेगळे काही मागितले गेले.

बिल्किस अब्दुल-कादिर ही अमेरिकेतील स्प्रिंगफील्डची. बास्केटबॉलचा जन्मही याच गावचा. शाळेत असताना तिने 3,070 गुण केले. मॅसॅच्युसेट्स राज्यात तोवर कोणत्याही मुलाने किंवा मुलीने इतके केले नव्हते. पुढे ती विद्यापीठाकडूनही हिजाब घालून, पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत खेळली. त्यात कोणाला धोका दिसला नाही. 2014 मध्ये शिक्षण संपवून युरोपात व्यावसायिक खेळायला निघाली, तेव्हा कळले की फिबाच्या नियमानुसार डोके झाकून मैदानात उतरता येत नाही. कारण सुरक्षिततेचे सांगितले जाई. हिजाब काढ, करार घे, एवढाच मार्ग होता. तिने करार सोडला.

हा नियम केवळ आपल्या मुलींपुरता नव्हता. त्याच वर्षी चीनमधील आशिया चषकात भारताच्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना पगडी उतरवूनच खेळावे लागले. काही आठवड्यांनी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कतारच्या मुलींनी हिजाब काढण्यापेक्षा सामना सोडून दिला.

बिल्किसने गप्प न बसता बोलायला सुरुवात केली, इतरांनीही आवाज उठवला, आणि मे 2017 मध्ये फिबाने नियम बदलला. 1 ऑक्टोबर 2017 पासून पगडी आणि हिजाब दोन्हींना परवानगी मिळाली. रंग तेवढा ठरवून दिला. तीन वर्षे लागली. खेळाडूच्या आयुष्यात तीन वर्षे म्हणजे किती, हे सांगायला नको. बिल्किस तोवर मुलांना खेळ शिकवू लागली होती. युरोपातील क्लबचा गणवेश तिने कधी घातला नाही.

फिबाचा दरवाजा उघडला, तरी सगळे उघडले नाहीत. फ्रान्सच्या महासंघाने 2022 च्या अखेरीस देशांतर्गत सामन्यांत हिजाबवर बंदी घातली. दियाबा कोनाते फ्रान्सच्या युवा संघांतून खेळलेली. अमेरिकेत शिकताना तिने हिजाब घ्यायला सुरुवात केली आणि तिथल्या विद्यापीठाकडून तशीच खेळली. परक्या देशात तिचे जमले. आपल्याच देशात, ज्या क्लबांच्या मैदानांवर ती घडली, तिथे तिला उतरता येत नाही.