दांडी एक, देह अनेक

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आकाशपाळणा हा सणावारांचाच एक भाग आहे. वणीची रंगनाथस्वामींची यात्रा असो, आर्णीचा बाबा कंबलपोश यांचा उरूस असो, की यवतमाळ शहरातला नवरात्राचा दुर्गोत्सव असो. मैदानाच्या कडेला लोखंडी सांगाडे उभे राहू लागले की घराघरांतली मुले आईबापांच्या मागे लागतात. पूर्वी लाकडी पाळणे असत आणि ते माणसे हातांनी फिरवीत. आता आकाशपाळण्याच्या जोडीला ‘ब्रेक डान्स’ आला, ‘टोराटोरा’ आला, रुळांवरून वळणे घेत धावणारी ड्रॅगन गाडी आली. शहरातल्या मोठ्या उद्यानांतला रोलर कोस्टर ज्यांना परवडत नाही, त्यांचा तो रोलर कोस्टर. या गमतीला नाक मुरडण्याचे मला काही कारण दिसत नाही. वर्षभर कापसाच्या भावाची काळजी वाहणाऱ्या माणसाला चार मिनिटे पोटात गोळा यावासा वाटला, तर तो त्याचा हक्कच आहे.

पण या चार मिनिटांत त्याला कशाने धरून ठेवले आहे, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी एक झुलणारा पाळणा मोडून खाली कोसळला, दोघांचे प्राण गेले आणि अनेक जण जखमी झाले. असे काही घडले की चौकशी होते. गंज कुठे होता, नट कुणी आवळले नव्हते, परवानगी कुणी दिली, हे विचारले जाते, आणि विचारलेच पाहिजे. मात्र दुसऱ्याही एका प्रकारचे अपघात असतात. त्यांत यंत्राचे काहीही मोडत नाही. पाळणा ठरल्याप्रमाणे फिरतो आणि थांबतो, फक्त बसलेला माणूस जागेवर नसतो. दोष लोखंडात नसतो. लोखंडाची दांडी आणि माणसाचे अंग यांच्यामध्ये राहिलेल्या जागेत असतो.

ही जागा कशी राहते ते पाहू. आपल्या जत्रांतल्या बहुतेक पाळण्यांत एका बाकावर दोघे-तिघे बसतात आणि सर्वांच्या पुढ्यात एकच आडवी दांडी येते. ती दांडी किती आत येईल, हे बाकावरचे सर्वांत जाड अंग ठरवते. वडिलांच्या पोटाला टेकली की दांडी थांबली. शेजारी बसलेल्या मुलाच्या पोटापासून ती वीतभर दूर असते. पाळणा संथ असेल तर हे खपून जाते. परंतु गाडी उतारावरून एकदम खाली येते तेव्हा अंग बाकावरून उचलले जाते, आणि गरगर फिरणाऱ्या पाळण्यात ते बाहेरच्या बाजूला फेकले जाते. त्या क्षणी मुलाला धरायला दांडी नसते. फिरत्या पाळण्यात मोठ्या माणसाने बाहेरच्या बाजूला आणि लहानाने आतल्या बाजूला बसावे, असा साधा नियम आहे, कारण फेकले जाणारे मोठे अंग लहानग्याला चेपते. हा नियम लिहिलेला फलक मी आपल्याकडे क्वचितच पाहिला.

आमच्या भागातल्या एका जत्रेत मी पाळण्याच्या कठड्याला टेकून बराच वेळ उभा होतो. एक बाई आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन बसली. दांडी आईच्या मांडीवर अडली. मुलगी मोकळीच राहिली. पाळणेवाल्या पोराच्या ते लक्षात आले नाही असे नाही. तो म्हणाला, ‘‘मौसी, बच्ची को पकड के बैठो.’’ आणि खिट्टी लावून पुढच्या बाकाकडे गेला. म्हणजे दांडीचे काम त्याने आईच्या हाताला दिले. वेगात मुलाचे वजन दीडपट-दुप्पट भासू लागते, आणि आईलाही स्वतःचा तोल सांभाळायचा असतो. आईच्या हातावर माझा विश्वास आहे. पण तो हात यंत्राचा सुटा भाग नव्हे.

इतिहासात डोकावले तर हा प्रश्न वेगाबरोबर वाढलेला दिसतो. १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला लामार्कस थॉम्प्सनने आपली घसरगाडी सुरू केली, तेव्हा तिचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास होता. बाकाला हात धरून बसले की झाले. पुढे पोलादी रूळ आले. १९७५ साली कॅलिफोर्नियाच्या नॉट्स बेरी फार्ममध्ये माणसांना उलटे करणारी गाडी धावू लागली, आणि मांडीवरची दांडी पुरेना म्हणून खांद्यांवरून छातीवर उतरणारी कमान आली. आपल्याकडे १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड उघडले, २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले. दरम्यान जगात मानके तयार झाली. अमेरिकी मानकात माणसाला अडकवण्याच्या व्यवस्थेचे पाच वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात काहीच बांधावे लागत नाही. पाचव्या वर्गात प्रत्येकाला स्वतंत्र दांडी किंवा कमान लागते, आणि तिला एक कुलूप निकामी झाले तरी दुसरे धरून ठेवील अशी सोय लागते. धक्का जितका मोठा, तितका बंदोबस्त कडक, असे हे सरळ तर्कशास्त्र आहे.

पण बंदोबस्त कोणत्या देहाच्या मापाने करायचा? ‘सरासरी माणूस’ हे उत्तर फसवे आहे. १९५० साली अमेरिकी हवाई दलाने चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापे घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यांतली दहा महत्त्वाची मापे निवडून पाहिले, की दहाही बाबतींत सरासरीच्या जवळपास बसणारे किती जण आहेत. एकही निघाला नाही. मग वैमानिकाला आसनाच्या मापात बसवण्याऐवजी आसनच मागेपुढे, खालीवर सरकेल असे करण्यात आले. आपल्या देशातही अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय देहमापांचे पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणजे माहितीच नाही असे म्हणायला जागा नाही. आणि आपले देह तर दोन्ही टोकांना पसरलेले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे २१ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कमी वजनाच्या, तर सुमारे २३ टक्के जास्त वजनाच्या आढळल्या. पाच वर्षांखालच्या शंभरांपैकी पस्तीस मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. तिकिटाच्या खिडकीवर वय विचारून काय कळणार? आमच्या झरी-मारेगावकडचे नऊ वर्षांचे एखादे पोर शहरातल्या सहा वर्षांच्या पोराएवढे असू शकते.

मोठ्या अंगाच्या माणसांची गोष्ट आणखी नाजूक आहे. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ऑर्लँडो शहरात चारशे तीस फूट उंच मनोऱ्यावरून आसने खाली सोडणाऱ्या पाळण्यातून १४ वर्षांचा एक मुलगा पडून मृत्युमुखी पडला. निर्मात्याच्या पुस्तिकेत १३० किलोची मर्यादा होती. मुलाचे वजन १७० किलोंच्या वर होते. चौकशीत निघाले ते असे, की त्याच्या आसनाचा संवेदक हाताने बदलून ठेवला होता. त्यामुळे कमान नेहमीपेक्षा दुपटीहून अधिक उघडी असतानाही दिवा हिरवा लागला. मोठ्या माणसाला सामावून घेतल्याचे दिसत होते. प्रत्यक्षात यंत्राला खोटे बोलायला शिकवले होते. त्याच शहरात २०१० साली युनिव्हर्सलच्या उद्यानात हॅरी पॉटरची सफर सुरू झाली, तेव्हा काही लोक कमानीत मावेनात म्हणून काही आसनेच मोठ्या अंगासाठी बदलून घेण्यात आली. सामावून घेणे म्हणतात ते याला.

आणि जिथे सामावून घेता येत नाही, तिथे नकार द्यावा लागतो. मी बँकेत कर्जाच्या टेबलावर वर्षानुवर्षे नकार दिले आहेत, म्हणून एवढे सांगू शकतो की नकाराने माणूस जितका दुखावत नाही, तितका नकार कधी आणि कुणासमोर मिळाला त्याने दुखावतो. नियम दारावर लिहिलेला असला तर माणूस तो वाचून परत जातो. रांगेत अर्धा तास उभे राहून, तिकीट फाडून, बाकावर बसल्यावर शंभर लोकांदेखत ‘‘उतरा, तुम्हाला दांडी लागत नाही’’ असे ऐकावे लागले, तर तो अपमान घरी घेऊन जातो. कित्येकदा त्याहून वाईट घडते. अपमान नको म्हणून तोच पोट आत ओढतो, आणि तिकिटाचे पैसे परत करावे लागू नयेत म्हणून पाळणेवाला दांडीवर गुडघा टेकून खिट्टी बसवतो. दोघांचीही सोय होते. २०१३ साली टेक्सासमधल्या एका रोलर कोस्टरवरून पडून एक स्त्री मरण पावली. त्यानंतर त्या उद्यानाने आसनांना पट्टे लावले, दांडीच्या गाद्या बदलल्या, आणि आणखी एक गोष्ट केली: दाराशीच एक आसन ठेवले. ज्याला शंका असेल त्याने रांगेत लागण्याआधी बसून पाहावे.

हे आपल्याकडे अशक्य आहे का? भारतीय मानक ब्युरोची अशा पाळण्यांसाठी आयएस १५४७५ ही संहिता आहे. मैदान भाड्याने देणाऱ्या नगरपरिषदेने आणि परवानगी देणाऱ्या प्रशासनाने वीज, आग आणि गर्दी यांच्या अटींबरोबर चार अटी आणखी घालाव्यात. वेगाच्या प्रत्येक पाळण्यात दरेक माणसाला स्वतंत्र पट्टा असावा. दाराशी उंचीच्या पट्टीबरोबर एक जुने आसन ठेवून त्यात दांडी लावून दाखवावी. कोण कुठे बसेल, हे मराठी-हिंदीत आणि चित्रांत लिहावे. आणि दांडी न लागल्यामुळे परत जाणाऱ्याचे पैसे न मागता परत मिळावेत. यातली शेवटची अट सर्वांत स्वस्त आहे, आणि मला वाटते सर्वांत महत्त्वाचीही. पाळणेवाले पोर रोजंदारीवर असते; नकार दिल्याने मालकाचा गल्ला कमी होणार आणि बोल त्यालाच बसणार, हे त्याला माहीत असते. एका तिकिटाच्या नुकसानीचे भय त्याच्या डोक्यावरून उतरले, तर वीतभर मोकळी राहिलेली जागा त्याला दिसेलही आणि तो ती बोलूनही दाखवील. पुढच्या नवरात्रात मैदानाचे लिलाव होण्यापूर्वी एखाद्या नगरसेवकाने एवढा ठराव मांडला, तरी पुरे.