रिपीटरचा गुन्हा काय?

१३ मे २०२१ रोजी गुजरात सरकारने कोविडमुळे दहावीच्या नियमित विद्यार्थ्यांना मास प्रमोशन, म्हणजे परीक्षेविना सरसकट बढती, जाहीर केले. जूनअखेर निकाल लागला. साडेआठ लाखांहून अधिक मुले होती आणि त्यांतले एकही नापास नव्हते. नववीच्या दोन परीक्षा, दहावीची पहिली परीक्षा आणि घटक चाचणी यांवरून शाळांनी ८० गुण मोजले, अंतर्गत मूल्यमापनाचे २० त्यात मिळवले आणि गुणपत्रिका छापल्या. मात्र याच निर्णयाने सुमारे तीन लाख मुले बाहेर ठेवली. ती आधीच्या परीक्षांत काही विषयांत राहिलेली, म्हणजे सुरतेच्या बोलीत रिपीटर. त्यांची परीक्षा जुलैत झाली, नेहमीसारखी, केंद्रावर बसवून, पूर्ण प्रश्नपत्रिका देऊन. ऑगस्टमध्ये लागलेल्या निकालात शंभरातली जेमतेम दहा उत्तीर्ण झाली. परीक्षा माफ करणे चूक होते, अशी तक्रार आपल्याकडे पुष्कळ होते. माझी तक्रार वेगळी आहे. माफी द्यायलाच हवी होती, पण ती कोणाचे किती नुकसान झाले हे पाहून दिली गेली नाही. हजेरीपटावर नाव आहे की नाही, एवढेच पाहिले गेले.

सुरतेच्या नवागाम-डिंडोली, लिंबायत, उधना या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे पाहिले की या फरकाचा अर्थ उलगडतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून ताप्ती लाइनने पिढ्यानपिढ्या आलेली ही माणसे आहेत. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी. बाप लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, नाहीतर डाइंग मिलमध्ये, आई घरी बसून साड्यांचे धागे कापणार, टिकल्या लावणार. मार्च २०२० मध्ये खाती बंद झाली तेव्हा मजुरी थांबली आणि अनेक घरांनी गावचा रस्ता धरला. अशा घरात दहावी राहिलेल्या मुलासाठी कोणतीही शाळा भरत नव्हती. ११ जानेवारी २०२१ रोजी दहावीचे वर्ग उघडले ते नियमित मुलांसाठी; रिपीटरचा वर्गच नसतो. सरकारने दूरदर्शन गिरनारवरून पाठ दाखवले, तेही गुजरातीतून. घरात फोन एकच असेल तर तो आधी धाकट्याच्या ऑनलाइन तासाला, कारण धाकट्याचा मास्तर हजेरी घेतो. गणितात चार गुणांनी राहिलेला मोठा मुलगा मग साड्यांच्या गठ्ठ्यांकडेच वळणार. त्या वर्षी ज्याच्याकडे शिकण्याचे साधन सर्वात कमी होते, त्याचीच तेवढी परीक्षा घेतली गेली.

रिपीटरचा निकाल कायमच वाईट असतो, त्याला महामारीला जबाबदार कशाला धरायचे, असा आक्षेप लगेच येतो. निकाल वाईट असतो हे खरे, पण हिशेब नियमित मुलांचाही करून पाहा. मार्च २०२० मध्ये, म्हणजे टाळेबंदीच्या तोंडावर पार पडलेल्या परीक्षेत, गुजरातचा दहावीचा निकाल ६०.६४ टक्के होता. त्याआधीच्या वर्षी ६६.९७. म्हणजे २०२१ मध्ये परीक्षा झाली असती, तर नियमित मुलांपैकीही किमान तिसरा हिस्सा नापास झाला असता. ती अडीच-तीन लाख मुले कागदावर पास झाली. २०२० मध्ये नापास झालेली मुले नेमकी याच हिश्श्यातली, फक्त एक वर्ष आधी जन्मलेली. बुद्धी तीच, मोहल्ला तोच, कित्येकदा घरही तेच. थोरला भाऊ २०२० च्या परीक्षेत राहिला म्हणून जुलैत केंद्रावर गेला आणि पडला. धाकट्याला तेवढ्याच तयारीवर दहावीचे प्रमाणपत्र घरपोच आले. नियमित मुलांच्या बाबतीत ‘हे एरवी नापास झाले असते’ हा विचार कोणी केला नाही, आणि करू नये हेच योग्य होते. मग तो रिपीटरच्याच वाट्याला का?

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. रिपीटरच्या मूल्यमापनाला आधार काय? तो वर्गात नाही, त्याच्या चाचण्या नाहीत, शाळेने गुण द्यायचे कशावरून? केंद्रीय मंडळानेही (सीबीएसई) पूरक आणि खासगी परीक्षार्थींची परीक्षा घेतली आणि जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करायला नकार दिला, हेही इथे सांगितले पाहिजे. पण ज्याने परीक्षा दिली आहे त्याच्याविषयी मंडळाकडे काहीच नाही, असे कसे म्हणायचे? बाकीच्या विषयांत पास झाल्याची मंडळाचीच गुणपत्रिका त्याच्या हातात असते. शाळेने घरगुती चाचणीवर दिलेल्या गुणांपेक्षा तो पुरावा अधिक पक्का. महाराष्ट्राने हे ओळखले. तिथल्या राज्य मंडळाने २०२१ मध्ये परीक्षा रद्द करताना पुनर्परीक्षार्थी आणि सतरा नंबरचा फॉर्म भरणारे खासगी विद्यार्थी यांच्यासाठीही मूल्यमापनाची पद्धत ठरवली. नियमित मुलांचा निकाल ९९.९५ टक्के लागला, खासगी विद्यार्थ्यांचा ९७.४५ आणि पुनर्परीक्षार्थींचा ९०.२५.

याच ताप्ती लाइनवर, म्हणजे सुरत–भुसावळ मार्गावर, नवापूर स्टेशन आहे. त्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. फलाटाच्या एका टोकाला रिपीटर पास होण्याचे प्रमाण नव्वद टक्के आणि दुसऱ्या टोकाला दहा, ही २०२१ ची वस्तुस्थिती आहे. नंदुरबारला काकाकडे राहिलेला मुलगा त्या ऑगस्टात आयटीआयचा फॉर्म भरत होता, आणि नवागामला बापाकडे राहिलेला त्याचा चुलतभाऊ पुन्हा बसायचे की सोडून द्यायचे याचा विचार करत होता. खानदेशी घरांत अशी भावंडे दुर्मिळ नाहीत.

दर्जाचे काय, असे विचारणारे आपल्या वाचकांतही असतील, कारण परदेशात स्थिरावलेला मराठी माणूस बहुधा परीक्षेच्याच शिडीने वर गेलेला असतो. मुंबई उच्च न्यायालयानेही मे २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारला परीक्षा रद्द करण्यावरून कडक शब्दांत सुनावले होते. म्हणून माफीनंतर काय झाले तेही पाहू. २०२२ मध्ये गुजरातची दहावीची परीक्षा पुन्हा झाली, निकाल ६५.१८ टक्के लागला, आणि ७५.६४ टक्क्यांसह सुरत जिल्हा राज्यात पहिला आला. २०२१ मध्ये मास प्रमोशन मिळालेली मुले मार्च २०२३ मध्ये बारावीला बसली. सामान्य प्रवाहाचा निकाल ७३.२७ टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८६.९१ होता म्हणून गहजब झाला खरा. पण २०२२ च्या परीक्षेत वस्तुनिष्ठ प्रश्न आणि पर्याय वाढवले होते. तुलना करायची तर महामारीपूर्व परीक्षेशी करावी, आणि २०२० चा निकाल होता ७६.२९. म्हणजे घसरण तीन टक्क्यांची. ती नाही असे मी म्हणत नाही. वर्षभर शाळा बुडाली तर तेवढे होणारच, आणि ते परीक्षा घेऊनही झाले असते. परीक्षा माफ केल्याने दर्जाचा डोलारा कोसळला, असे मात्र या आकड्यांत दिसत नाही.

परीक्षा न घेता मार्ग काढण्याचे प्रयत्न इतरत्रही झाले. इंग्लंडने ऑगस्ट २०२० मध्ये गणिती सूत्राने गुण वाटले, शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी जवळपास चाळीस टक्के खाली ओढल्या, आणि चार दिवसांत सरकारला ते सूत्र मागे घ्यावे लागले; त्यात छोट्या वर्गांच्या खासगी शाळांचा फायदा झाला होता. कॅलिफोर्नियाची वाट मला अधिक समंजस वाटते. जुलै २०२१ च्या कायद्याने तिथे हायस्कूलच्या वरच्या दोन वर्गांतल्या मुलांना उत्तीर्ण होण्यासाठी स्थानिक शालेय जिल्ह्यांनी घातलेल्या जादा अटींतून सूट दिली. राज्याच्या किमान अटी तशाच ठेवल्या. शिवाय जे मागे पडले होते त्यांना त्या पूर्ण करण्यासाठी पाचव्या वर्षापर्यंत मुभा द्यायला सांगितले. मागे कोण आहे, हा प्रश्न तिथे निदान कायद्याने विचारला. गुजरातच्या मंडळाने तो विचारला नाही.

ती मुले आता विशीत आहेत. दहावी पास नसल्याने आयटीआयचे बहुतेक चांगले ट्रेड त्यांना बंद. कापड मार्केटमध्ये मिळते ते पार्सल बांधण्याचे काम. मंडळ आता जुने निकाल उकरून काढेल, ही आशा मी धरत नाही. पण एक दार उघडे आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची दहावी मराठी माध्यमातून देता येते. पाच विषय पुरतात, गणित घेतलेच पाहिजे असे नाही, जुन्या मंडळात पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण तिथे अटींनुसार धरले जाऊ शकतात आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. ते गुण धरले गेले, तर गणितात अडकलेल्या रिपीटरला तीनच विषय उरतात. नवागाममधल्या किती घरांना हे ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

आपली परदेशातली महाराष्ट्र मंडळे दरवर्षी नव्वद टक्केवाल्यांना शिष्यवृत्त्या देतात, सत्कार करतात, फोटो छापतात. ते चालू द्यावे. पण त्या निधीतला काही भाग सुरतेतल्या मराठी रिपीटरांच्या एनआयओएस फीसाठी आणि त्यांना फॉर्म भरून देणाऱ्या एखाद्या शिक्षकाच्या मानधनासाठी बाजूला काढावा, असा ठराव येत्या वार्षिक सभेत कोणीतरी मांडावा. अनुमोदन द्यायला मी तयार आहे.