बेट पाहावे कसे?

क्वाड बाईक नावाचे एक वाहन हल्ली सहलीच्या ठिकाणी भाड्याने मिळू लागले आहे. चार बुटकी चाके, फुगीर टायर, मोटारसायकलीसारखा दांडा आणि घोड्यावर मांड टाकावी तशी बैठक, असे तिचे रूप. जपानी कारखानदारांनी १९७० मध्ये प्रथम तिची तीन चाकांची बहीण बाजारात आणली. चौचाकी आली ती १९८२ मध्ये. अपघात फार होऊ लागल्यामुळे तिचाकीची विक्री अमेरिकेत १९८८ मध्ये थांबली. उंटाचे पाऊल वाळूवर पसरते, तसा या गाडीचा टायर मऊ जमिनीवर पसरतो. म्हणून ती सहसा रुतत नाही. न्यूझीलंडमधील मेंढपाळांना तिचा मोठा उपयोग होतो, हे मान्य केलेच पाहिजे.

पण मुलांनो, सुटीत एखादे बेट पाहावयास गेलो, तर ही गाडी घ्यावी काय? माझ्या मते, माणसांची वस्ती व शेती असलेल्या बेटावर ती घेऊ नये. या गाडीचा सारा गुण रस्ता सोडून जाण्यात आहे, आणि अशा बेटावर रस्ता सोडला की आपण कोणाच्या तरी शेतात शिरतो.

गोव्यातील दिवाडी बेटाचेच पाहा. मांडवी नदीतील या बेटावर जुने गोवे येथून फेरीबोटीने जाता येते. कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे येथलेच. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्वे गावी नेण्यात आला, आणि तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला.

या बेटाभोवतीची सखल शेते 'खाजन' म्हणून ओळखली जातात. समुद्राची भरती नदीतून आत चढते. ते खारे पाणी मातीच्या बांधांनी अडविलेले असते. बांधात 'मानस' नावाची लाकडी दारे बसवितात. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले, की दार आपोआप मिटते. ओहोटी लागली, की आतल्या पाण्याच्या रेट्याने ते उघडते. ना यंत्र, ना वीज! अशा जमिनीत कोरगुट नावाचे खारटपणा सोसणारे भात पिकवितात.

आता त्या बांधावर क्वाड बाईक घातली तर काय होईल? मोठ्या गाडीचे वजन स्वारावाचून दोनशे-तीनशे किलो असते. पुष्कळ गाड्यांत मागची दोन्ही चाके एकाच आसावर जखडलेली असतात. त्यामुळे वळताना एक चाक माती खरवडीत ओढले जाते. एकदोन फेऱ्यांनी काही दिसणार नाही. पण रोज दहा पाहुणे आले तर? आपल्याकडे चामोर्शीस धानाच्या बांधीचा धुरा फुटला, तर पाणी वाहून जाते व त्या हंगामाचे नुकसान होते. तेथे बांध फुटला, तर खारे पाणी आत येते आणि जमिनीत मुरलेले मीठ धुऊन निघावयास कित्येक पावसाळे लागतात. गंमत पाहुण्याची, आणि उपास शेतकऱ्याचा!

तुम्ही म्हणाल, 'आम्ही शेत सोडून नुसत्या वाळूवर चालवू.' वाळू तरी रिकामी असते काय? मार्कंड्याजवळ वैनगंगेचे पात्र उन्हाळ्यात उघडे पडते. अशा उघड्या, खडेमिश्रित जागेत टिटवी घरटे न बांधताच अंडी घालते. ती खड्यांसारखीच दिसतात. पायी चालणारास टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडून सावध करते. इंजिनाच्या आवाजात तिचे ओरडणे ऐकू कसे येणार?

ज्यांना चालवत नाही अशा वृद्धांचे काय, हा प्रश्न मात्र योग्य आहे. त्यांच्यासाठी दिवाडीवर चांगले डांबरी रस्ते आहेत, आणि मोटारगाडीही फेरीबोटीत चढते. तिच्या खिडकीतून गाव, शेते, बगळे सारे दिसते. तुमच्यासारख्यांनी मात्र सायकल न्यावी. मानसाचे दार मिटताना पाहावयाचे असेल, तर भरतीची वेळ आधी एखाद्या कोळ्यास विचारून घ्यावी. बांधापाशी आल्यावर शेतधन्याची परवानगी घेऊन, सायकल खालीच ठेवून पायी चढावे. आणि समोरून कोणी डोक्यावर भारा घेऊन येत असेल, तर आधी त्यास वाट द्यावी.