दुखण्याची हकीकत आणि श्रद्धेचा अधिकार

एकत्र कुटुंबांत दुखणें हें एकट्या दुखणेकऱ्याचें कधींच नसतें. माजघरांत अंथरूण पडलें कीं चार घरचीं माणसें समाचारास येतात आणि येतांना आपापल्या दुखण्यांच्या हकीकती बरोबर आणतात. कोणाचा विषमज्वर एकविसाव्या दिवशीं उतरला, कोणाचा मूतखडा काढ्यानें पडला, कोणाच्या भावजयीला कुलदेवतेनें हात देऊन वांचविलें. ही चाल आम्हांस मुळींच वाईट वाटत नाहीं. मरणाच्या दारांतून परत आलेल्या माणसाचे चार शब्द जो धीर देतात, तो पुष्कळदां औषधाची पुडी देत नाहीं. परंतु याच हकीकतीच्या शेवटीं धर्माचा निवाडा जोडला गेला, म्हणजे धीर देणारे तेच शब्द घाव घालूं लागतात. या खेपेस आम्ही त्या निवाड्याविषयीं लिहिणार आहों.

निमित्त एका वाचक भगिनीच्या पत्राचें आहे. गेल्या वर्षीं त्यांच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्या लिहितात कीं शस्त्रक्रिया सोसली, पुढचे औषधोपचारही सोसले; पण समाचारास आलेल्या एका वडीलधाऱ्या आप्तबाईंचें बोलणें अजून सोसवत नाहीं. त्या बाई स्वतः मोठ्या दुखण्यांतून उठलेल्या आहेत. जप, उपवास, प्रदक्षिणा यांवर त्यांची अढळ निष्ठा आहे. त्या म्हणाल्या, “माझी श्रद्धा अढळ होती म्हणून मी वांचलें. तुमच्या घरीं कुलाचार मोडला, त्याचें हें फळ.” भगिनी विचारतात, “यांना मी काय उत्तर देऊं? त्या वडील आहेत, आणि त्यांचा अनुभव खोटा आहे असें तरी कसें म्हणूं?”

अनुभव खोटा म्हणण्याचें कारणच नाहीं. जन्मभर व्याकरण शिकविलेल्या माणसाचें लक्ष आधीं शब्दांकडे जातें. ‘माझी श्रद्धा अढळ होती आणि मी वांचलें’ ही साक्ष होय. ती आदरानें ऐकावी. परंतु ‘आणि’च्या जागीं ‘म्हणून’ आलें कीं साक्ष संपून अनुमान सुरू होतें. आणि अनुमानाला आपल्या नैयायिकांनीं व्याप्तीची कसोटी लावून ठेविली आहे. जेथें जेथें श्रद्धा तेथें तेथें आरोग्य, अशी व्याप्ति सिद्ध होते काय? श्रीरामकृष्ण परमहंसांस घशाचा कर्करोग झाला आणि १६ ऑगस्ट १८८६ रोजीं काशीपूर येथें त्यांनीं देह ठेविला. रमण महर्षींच्या डाव्या बाहूवर गांठ आली, अनेक वेळां शस्त्रक्रिया झाली, तरी १४ एप्रिल १९५० रोजीं ते गेले. या दोघांची श्रद्धा आपल्या आप्तबाईंहून उणी होती असें म्हणण्यास कोण धजेल? आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. समाचारास येऊन बोलतात ते सारे वांचलेलेच असतात. तितक्याच निष्ठेनें जप करून जे गेले, ते आपली हकीकत सांगावयास येत नाहींत.

याचा अर्थ दुखण्यांत देवाचें नांव घेऊं नये असा नव्हे. केरळांतील मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी हे अच्युत पिषारटि या ज्योतिर्विदाचे शिष्य आणि स्वतः मोठे वैयाकरण. वातव्याधीनें अंग जखडलें असतां त्यांनीं गुरुवायूरच्या मंदिरांत ‘नारायणीयम्’ हें स्तोत्र रचलें. भागवताचें सार सांगणारीं शंभर दशकें आणि हजारांहून अधिक श्लोक असा हा ग्रंथ १५८७ च्या सुमारास पुरा झाला. बहुतेक दशकांच्या शेवटीं कवि आपल्या रोगाचें गाऱ्हाणें देवापुढें मांडतो आणि आरोग्य मागतो. परंपरा तर असें सांगते कीं तो व्याधि मूळचा गुरूचा होता आणि शिष्यानें तो आपण होऊन स्वतःवर घेतला. वाचकांनीं या परंपरेंतला अर्थ पाहावा. व्याधि हा पापाचाच दंड असता, तर या शिष्याच्या अंगीं तो कोणत्या पापानें आला? आणि इतकें रोगवर्णन करूनही भट्टतिरींनीं दुसऱ्या रोग्यावर निवाडा दिलेला नाहीं. त्यांचें सारें बोलणें देवाशीं आहे.

धर्ममतें कडक आणि हकीकत मात्र प्रामाणिक, याचें जवळचें उदाहरण गांधीजींच्या आत्मकथेंत आहे. १९०२ सालीं मुंबईस गिरगांवांत बिऱ्हाड असतां त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वरानें पडला. जोडीस फुफ्फुसाचा दाहही होता. पारशी डॉक्टरांनीं अंडीं आणि कोंबडीचा रस देण्यास सांगितलें. गांधीजींनीं धर्म म्हणून तें नाकारलें आणि जलोपचार चालविले. ताप १०४ अंशांपर्यंत चढे, मूल वातांत बडबडे. आपला हट्ट लेकरावर लादण्याचा आईबापांस अधिकार काय, या विचारानें आपण किती व्याकुळ झालों, तें गांधीजींनीं लपविलें नाहीं. मुलगा बरा झाला. पण ही ईश्वराची कृपा, पाण्याचे उपचार, कीं पथ्य आणि शुश्रूषा, हें कोण ठरविणार, असें म्हणून त्यांनीं तो निर्णय ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडला. स्वतःपुरतें मात्र ईश्वरानेंच लाज राखली असें सांगितलें. मुलाच्या जिवाची ती जोखीम आम्हांस आजही मान्य नाहीं. पण सांगण्याची रीत अशी असावी. डॉक्टरांचें म्हणणें, तापाचा अंक, आपली भीति आणि आपला देव, सारें कांहीं त्यांत आहे. दुसऱ्या कोणाच्या मुलावर निवाडा मात्र नाहीं.

याच गृहस्थांनीं १९०९ सालच्या ‘हिंद स्वराज्या’ंत डॉक्टर आणि इस्पितळें यांवर अत्यंत कठोर लिहिलें होतें. पुढें १२ जानेवारी १९२४ रोजीं पुण्यास ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक यांनीं त्यांची आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. मध्येंच वीज गेली आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. या शस्त्रक्रियेस त्यांनीं संमति दिली होती. म्हणजे मतें कडक असलीं तरी प्रत्यक्ष रोगापुढें तीं थोडीं वांकवावीं लागतात, आणि त्यानें श्रद्धेस बट्टा लागत नाहीं.

निवाडा देणारी श्रद्धा किती निष्ठुर होऊं शकते, हें पाहावयाचें असेल तर महारोगाचा इतिहास पाहावा. कर्मविपाकाच्या ग्रंथांत अमुक पापाचें फळ अमुक रोग अशा याद्या आहेत, आणि त्यांत कुष्ठाचें नांव ठळक आहे. त्या यादीच्या आधारें माणसें घराबाहेर घातलीं गेलीं. १८७३ सालीं नॉर्वेंतील हॅन्सेन यांनीं या रोगाचा जंतु दाखविला. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें बहुविध औषधांची योजना पुरस्कारिली आणि रोग हमखास बरा होऊं लागला. तरीही महारोग हें घटस्फोटाचें कारण म्हणून आपल्या कायद्यांत २०१९ पर्यंत राहिलें. उलट १९३९ सालीं परचुरेशास्त्री हे महारोगपीडित संस्कृत पंडित सेवाग्रामास आले, तेव्हां गांधीजींनीं त्यांस आश्रमांत ठेवून घेतलें आणि स्वहस्तें त्यांचें अंग चोळलें. ती याद्याही धर्माच्याच नांवानें लिहिली गेली होती आणि ही सेवाही धर्म म्हणूनच झाली. यांतला कोणता धर्म आपल्या घरीं राहावा, तें घरांतल्या वडिलांनीं ठरवावें.

हकीकत अर्धी सांगण्यांत दुसराही धोका आहे. क्षयाचीं औषधें साधारणतः सहा महिने नेमानें घ्यावीं लागतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतें आणि माणूस नवस फेडून येतो. मग नवसाची तेवढी कथा सांगितली जाते आणि गोळ्या वगळल्या जातात. ऐकणारा रोगी त्या भरंवशावर मध्येंच औषध सोडतो, रोग उलटतो आणि जंतु औषधाला दाद देईनासा होतो. अशा वेळीं अर्धी हकीकत जिवावर बेतते. नवस अवश्य सांगावा, पण गोळ्या किती महिने घेतल्या आणि डॉक्टर काय म्हणाले, तेंही त्याच तोंडानें सांगावें. देवाचें श्रेय त्यानें उणें होत नाहीं.

आतां त्या भगिनीस उत्तर. वडील माणसाशीं वाद घालूं नये. नमस्कार करून एवढेंच म्हणावें, “काकू, तुम्ही कशा उठलांत तें मला सांगा, मी कां पडलें तें मात्र सांगूं नका. तें तुम्हांला ठाऊक नाहीं आणि मलाही नाहीं.” काकू ऐकतील न ऐकतील. पण घरांतल्या कर्त्या पुरुषाचें आणि वडील बाईंचें कर्तव्य स्पष्ट आहे. दुखणेकऱ्याच्या उशाशीं असा निवाडा सुरू झाला कीं पाहुण्यांस चहाच्या निमित्तानें ओटीवर न्यावें आणि खोलीचें दार अलगद ओढून घ्यावें.

कुलाचार मोडला कीं राहिला, याचा विचार घरानें पुढें सवडीनें करावा. आधीं रोग्याला झोंप लागूं द्यावी.