‘त्यांचं कॉलेज’ आणि न मोजलेला अनुशेष

‘जात मिटवायची म्हणता ना, मग वेगळं कॉलेज कशाला?’

आमच्या कुरुंद्याकडे हा प्रश्न वर्षातून दोनदा हमखास येतो. एकदा बारावीचा निकाल लागल्यावर आणि एकदा 14 एप्रिलच्या आगेमागे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. विचारणारा दरवेळी खवचट असतो असं नाही. बऱ्याचदा तो मनापासून विचारतो, कारण त्याच्या पिढीला शाळेत सगळे एकाच बाकावर बसलेले दिसले. पण त्याच्याच घरात संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयाचं नाव निघालं की अजूनही एक शब्द येतो: ‘त्यांचं कॉलेज’. वसमतपासून हिंगोलीपर्यंत हा शब्द मी इतक्या तोंडून ऐकलाय की त्याला आता कुणी शिवीसुद्धा समजत नाही.

मला या शब्दाशीच भांडायचं आहे. आणि त्यासाठी आधी अमेरिकेला जाऊन यावं लागेल, कारण हाच प्रश्न तिथेही विचारला जातो. वर्णभेद संपला, मग काळ्यांची वेगळी विद्यापीठं अजून का?

तिथल्या गुलामाला अक्षर शिकवणं हा गुन्हा होता. साउथ कॅरोलायनाने 1740मध्येच गुलामांना लिहायला शिकवण्यावर बंदी घातली. 1831मध्ये नॅट टर्नरचं बंड झाल्यावर दक्षिणेतल्या इतर राज्यांनी असे कायदे आणखी आवळले. वाचता येणारा माणूस धोकादायक, हे मालकांना पक्कं कळलेलं होतं. (आपल्याकडे हे त्यांच्याही कितीतरी आधी कळलेलं होतं.) उत्तरेत, फिलाडेल्फियात, रिचर्ड हम्फ्रीज नावाच्या क्वेकर चांदीकारागिराने मृत्युपत्रात दहा हजार डॉलर ठेवले आणि त्यातून 1837मध्ये काळ्या मुलांसाठी एक संस्था उभी राहिली. तीच आजची चेनी युनिव्हर्सिटी. पुढे लिंकन आणि विल्बरफोर्स. पण खरी लाट आली ती यादवी युद्ध संपल्यावर. 1866मध्ये फिस्क, 1867मध्ये हॉवर्ड आणि मोरहाउस, 1868मध्ये हॅम्प्टन, 1881मध्ये टस्कीगी आणि स्पेलमन. स्पेलमन हे मुलींचं कॉलेज, अटलांटातल्या एका चर्चच्या तळघरात अकरा विद्यार्थिनींवर सुरू झालं. फिस्क सुरू झालं सैन्याच्या सोडून दिलेल्या बराकीत.

फिस्कची गोष्ट तर थांबून ऐकण्यासारखी आहे. पाच वर्षांत संस्था बुडायला आली. तेव्हा 1871मध्ये तिथली काही मुलं-मुली गाणी म्हणत दौऱ्यावर निघाली. त्यातली बरीचशी गुलामीत जन्मलेली होती आणि त्यांची गाणी गुलामांच्या वस्तीतली होती. हॉटेलात जागा नाकारली जायची, तरी गात गात ती इंग्लंडच्या राणीपुढे पोचली आणि जमलेल्या पैशातून कॉलेजची इमारत उभी राहिली. ती इमारत, ज्युबिली हॉल, आजही आहे. राणीपुढे ती मुलं गायली ते साल 1873. त्याच साली इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली. दोन्हीकडच्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पण फुल्यांना रोग एकच आहे हे कळलेलं होतं.

आता सांगा, या कॉलेजांनी ‘वेगळेपणा’ निर्माण केला का? दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारं बंद होती म्हणून ही कॉलेजं झाली. 1890च्या मॉरिल कायद्याने राज्यांना सांगितलं की एकतर काळ्यांना प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळी संस्था काढा. दक्षिणेने वेगळी संस्था काढली, आणि तिला पैसा मात्र दिला हात आखडून. म्हणजे भिंत बांधली एकाने आणि भिंतीपलीकडे शाळा काढली म्हणून फुटीरपणाचा आरोप दुसऱ्यावर. या काळ्यांच्या कॉलेजांत प्रवेशाला रंगाची अट नाही. आज तिथले सुमारे चौथा हिस्सा विद्यार्थी काळे नसलेले आहेत.

तर आता मराठवाड्यात या.

17 सप्टेंबर 1948पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. 1918मध्ये सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ हैदराबादेत, शिक्षण उर्दूतून. औरंगाबादला इंटरमीजिएट कॉलेज होतं, पुढच्या पदवीसाठी हैदराबाद गाठायचं. ही अडचण सगळ्यांचीच होती, असं इथे कुणीतरी म्हणेल. बरोबर आहे. पण अडचण सगळ्यांची सारखी नव्हती, आणि त्याचा दाखला आमच्या गावाच्या नावातच आहे. नरहर कुरुंदकरांचं मूळ गाव हे कुरुंदा. 1932मध्ये आजोळी, नांदापूरला जन्म. ते शिकायला हैदराबादला गेले, तिथे त्यांचे मामा ना. गो. नांदापूरकर होते. कुरुंदकरांच्या बुद्धीबद्दल मला काहीही कमी बोलायचं नाही, मराठवाड्याने असा माणूस पुन्हा दिला नाही. मी फक्त मामाकडे बोट दाखवतोय. कुरुंद्याच्या महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या पोराला हैदराबादेत कोण होतं? अंतर दोघांनाही तेवढंच. पण पलीकडे दार उघडणारं माणूस एकालाच होतं. शिक्षणाची अडचण मैलांत मोजणारे नेमकं हेच विसरतात.

बाबासाहेबांनी 8 जुलै 1945 रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. 20 जून 1946ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. दुसरं कॉलेज त्यांनी पुण्यात किंवा नागपुरात काढलं असतं तर सोपं गेलं असतं. ते त्यांनी 1950मध्ये काढलं औरंगाबादला, जिथे निजामी संपून दोन वर्षं झाली नव्हती. 1 सप्टेंबर 1951ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. मराठवाडा विद्यापीठ आलं 1958मध्ये, म्हणजे मिलिंद विद्यापीठापेक्षा आठ वर्षांनी मोठं आहे. परिसराचं नाव नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा, भिक्खू नागसेनाला अवघड प्रश्न विचारणारा, आणि उत्तर पटलं तर पटलं म्हणणारा. शाळा-कॉलेजांना आपण देवांची, पुढाऱ्यांची आणि पुढाऱ्यांच्या आईवडलांची नावं देतो. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव दिलेलं कॉलेज तुम्हाला किती माहीत आहेत?

पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. ते दलित समाजातले नव्हते. प्रवेशाला जातीची अट नव्हती, आजही नाही. खेड्यातून आलेली सगळ्या जातींची मुलं तिथे शिकली. मग ‘त्यांचं’ हा शब्द आला कुठून?

त्याच 1950 साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने. कुरुंदकरांनी पुढे तिथेच शिकवलं आणि प्राचार्यही झाले. फार चांगलं कॉलेज. एक वर्ष, एक प्रदेश, नावात एकच शब्द: पीपल्स. लोकांचं. नांदेडच्या पीपल्सला कुणी ‘त्यांचं कॉलेज’ म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. ते ‘आपलं’ झालं, सगळ्यांचं झालं. औरंगाबादचे पीपल्स मात्र ‘ते’. लोक कोण आणि ते कोण, याची यादी कुणाच्या डोक्यात आधीच तयार होती, हे यावरून दिसतं. त्या यादीत कॉलेजने काही भर घातलेली नाही.

आणखी एक मुद्दा, जो आजच्या पोरांसाठी मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत काळ्यांनी काय शिकावं यावरून मोठं भांडण झालं. टस्कीगीचे बुकर टी. वॉशिंग्टन म्हणायचे, आधी हाताला काम शिका: सुतारकाम, वीटकाम, शेती. फिस्कमध्ये शिकलेले डू बॉईस म्हणायचे, पोटापुरतं शिकवून माणूस मोकळा होत नाही, आम्हाला विद्यापीठ हवं, तत्त्वज्ञान हवं, कायदा हवा. वॉशिंग्टन यांना गोऱ्या धनिकांनी भरभरून देणग्या दिल्या. साहजिकच आहे. सुतार वाढले तर धनिकाचं काय बिघडतं? वकील वाढले की बिघडतं. हॉवर्डच्या लॉ स्कूलमधून थर्गूड मार्शल बाहेर पडले आणि 1954मध्ये त्यांनी सुप्रीम कोर्टात शाळांमधला वर्णभेद पाडून दाखवला.

बाबासाहेब या भांडणात कुठल्या बाजूला होते हे सिद्धार्थ आणि मिलिंद बघून कळतं. नुसत्या प्राथमिक शाळा काढून, नुसते कारागीर तयार करून सत्तेच्या खुर्चीजवळ कुणी पोचत नाही, हे ते सतत मांडत होते. डू बॉईस यांच्याशी त्यांचा 1946मध्ये पत्रव्यवहारही झाला. काळ्यांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेणाऱ्या अर्जाची प्रत त्यांनी मागवली होती.

आणि आज आमच्याकडे दहावीला साठ टक्के मिळालेल्या पोराला गावातला प्रत्येक शहाणा काय सांगतो? ‘आयटीआय कर, लवकर पोटाला लाग.’ आयटीआय वाईट नाही, फिटर होणं कमीपणाचं नाही. पण हा सल्ला देणाऱ्याचा स्वतःचा मुलगा तेवढ्याच मार्कांवर डोनेशन भरून इंजिनीअरिंगला असतो. कौशल्य विकासाची जाहिरात कुठल्या वस्तीत जास्त लागते आणि यूपीएससीच्या क्लासची कुठल्या, हे एकदा आपापल्या तालुक्यात फिरून बघा.

मिलिंदमधून काय बाहेर पडलं? म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथे प्राचार्य झाले. काळ्या लेखकांचं साहित्य त्यांनी इथल्या पोरांपुढे ठेवलं. गंगाधर पानतावणे तिथेच शिकवत होते, त्यांनी ‘अस्मितादर्श’ चालवलं आणि ज्यांच्या घरात कुणी कधी पेन धरलं नव्हतं त्यांचं लेखन छापलं. दलित साहित्य म्हणून आज जगभरच्या विद्यापीठांत जे शिकवलं जातं, त्याचा एक मोठा झरा या आवारात आहे. ‘वेगळं कॉलेज काढून काय मिळालं’ असं विचारणाऱ्याला मराठीचं पुस्तक शाळेत असताना तरी वाचलं होतं का, असं विचारावंसं वाटतं.

मग 1978 आलं. 27 जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या खेड्यांत वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंचा खून झाला. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता, आणि परभणी त्यातून सुटला नव्हता. नावासाठी साडेपंधरा वर्षं लागली, 14 जानेवारी 1994पर्यंत. तेव्हाही नामांतर झालं नाही, नामविस्तार झाला. मराठवाड्यात पदवीचं शिक्षण आणणाऱ्यांपैकी एका माणसाचं नाव विद्यापीठाला द्यायचं नाही म्हणून माणसं मारली गेली. ‘वेगळेपणा’ कुणी जपला, याचा हिशेब इथे करा.

हिशेबच म्हणायचं तर एक गोष्ट अमेरिकेने केली आणि आपण केली नाही. सप्टेंबर 2023मध्ये तिथल्या केंद्र सरकारने सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं पाठवली. 1890च्या कायद्याखालच्या काळ्यांच्या विद्यापीठांना गोऱ्यांच्या विद्यापीठांच्या तुलनेत तीस-पस्तीस वर्षांत किती कमी पैसा दिला, याचा आकडा त्यात होता. सगळा मिळून बारा अब्ज डॉलरच्या वर. मेरीलँडमधल्या माजी विद्यार्थ्यांनी आणि इतरांनी राज्यावर खटला भरला, तो वर्षानुवर्षं लढवला, आणि 2021मध्ये 57 कोटी 70 लाख डॉलरवर तडजोड झाली. पत्र गेलं म्हणजे पैसा आला असं नाही. पण आकडा कागदावर आला. आता नाही म्हणायचं तर त्या आकड्याला नाही म्हणावं लागतं.

आपल्याला हे गणित नवीन नाही. ‘अनुशेष’ हा शब्द मराठवाड्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. वि. म. दांडेकर समितीने 1984मध्ये जिल्ह्याजिल्ह्याचा अनुशेष काढला. रस्ते किती कमी, पाणी किती कमी, शिक्षण किती कमी. त्यावर आपण चाळीस वर्षं भाषणं करतोय, पश्चिम महाराष्ट्राला शिव्या देतोय, आणि त्या बऱ्याच अंशी रास्त आहेत. पण जिल्ह्याच्या आतला अनुशेष कुणी काढला? गावाला मिळालेला रस्ता वस्तीच्या अलीकडे किती फुटांवर थांबला? नागसेनवनातल्या वसतिगृहाला आणि त्याच शहरातल्या इतर संस्थांना सत्तर वर्षांत सरकारने किती दिलं, हे शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिलं? मागासलेपणाचा दाखला मुंबईत दाखवताना आपण सगळे मराठवाडा असतो. वाटप गावात आलं की ‘आपण’ आणि ‘ते’ होतो.

थोडं आपल्या माणसांबद्दलही. फिस्कच्या पोरांनी गाऊन इमारत बांधली. मिलिंदमधून शिकून कलेक्टर, प्राध्यापक, डॉक्टर झालेली एक मोठी पिढी आहे. जयंतीला डीजेवर एका रात्रीत तालुक्याच्या ठिकाणी जो पैसा उडतो त्यातून वसतिगृहाच्या किती खोल्यांचं छत दुरुस्त होईल, हे कुणी विचारलं की लगेच त्याला ‘तुम्हाला जयंतीच खुपते’ असं ऐकवतात. मला जयंती खुपत नाही, गळकं छत खुपतं. संस्थेच्या कारभारावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या, त्यात माजी विद्यार्थ्यांचे गटही आले आणि गेले. मिलिंद राजाच्या नावाच्या कॉलेजात शिकून प्रश्न फक्त बाहेरच्यांनाच विचारायचे, हे काही बरोबर नाही.

यंदा कुरुंद्यातून, वसमतमधून जी पोरं हळदीच्या शेतातून उठून संभाजीनगरला शिकायला जातील, त्यांची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर अडकेल, स्वाधारचा हप्ता परीक्षा होऊन गेल्यावर येईल, आणि तोवर खोलीभाडं घरून, सावकाराकडून किंवा रात्रपाळीतून निघेल. 1944मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिला ऐंशी वर्षं होऊन गेली, तरी ती वेळेवर कशी द्यायची ते सरकारला सापडलेलं नाही. तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर ‘वेगळं कॉलेज कशाला’ असा मेसेज आला की त्याच्याखाली एवढंच लिहा: आमच्या जिल्ह्यातल्या अनुसूचित जातीच्या किती विद्यार्थ्यांची मागच्या वर्षीची शिष्यवृत्ती अजून बाकी आहे? माहितीचा अधिकार अर्ज दहा रुपयांत होतो. पत्ता समाजकल्याण कार्यालय, हिंगोली.