बागेचा कोणता कोपरा?

लोणच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या ‘पिकलबॉल’ नामक खेळाने हल्ली शहरोशहरी जागा मागावयास आरंभ केला आहे. १९६५ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड व त्यांच्या स्नेह्यांनी घरच्या मुलांचा कंटाळा घालविण्यासाठी बॅडमिंटनच्या जुन्या अंगणात हाताशी लागलेल्या फळ्या आणि सच्छिद्र प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन तो मांडला. नौकांच्या शर्यतीत उरल्यासुरल्या वल्हेकऱ्यांची जी नाव भरतात, तिला तिकडे ‘पिकल बोट’ म्हणतात; तेच नाव प्रिचर्डबाईंनी या जमवाजमवीच्या खेळास दिले, असे सांगतात. ज्या बॅडमिंटनच्या अंगणात तो जन्मला, त्या खेळास एके काळी इंग्रज ‘पूना’ म्हणत, आणि भारतात पिकलबॉल रुजविला तो मुंबईच्या सुनील वालावलकरांनी. तेव्हा त्यास सर्वस्वी परका तरी कसे म्हणावे?

खेळाविषयी आमची तक्रार नाही. २० बाय ४४ फुटांचे अंगण, भोवतालची मोकळी जागा धरून ३० बाय ६०. टेनिसच्या एका मैदानाच्या कुंपणात अशी चार बसतात. आजोबा आणि नात एका बाजूने खेळू शकतील असे खेळ थोडेच. पेच आहे तो सार्वजनिक बागेत त्यास कोणता कोपरा द्यावा, हा.

या पेचात खेळाचे माहेरही सापडले आहे. बेनब्रिजच्या समोरच्याच किनाऱ्यावर सिअॅटल शहर आहे. २०२२ मध्ये पिकलबॉल हा त्या राज्याचा अधिकृत खेळ ठरला. तरीही तेथील १३५ एकरांच्या लिंकन पार्कमध्ये मैदाने बांधण्याचा बेत वृक्ष-पक्षिप्रेमी नागरिकांच्या विरोधामुळे २०२४ मध्ये सोडून द्यावा लागला. डेन्व्हर शहराने तर २०२३ मध्ये काँग्रेस पार्कमधील चालती मैदाने शेजाऱ्यांस आवाजाचा उपद्रव होतो म्हणून कायमची बंद केली. टणक फळीवर टणक चेंडू आपटला की ‘टक्’ असा तीव्र ध्वनी उठतो. तो सतत असता तर कान सरावले असते. परंतु पुढचा ‘टक्’ केव्हा येईल याची वाट पाहण्यातच मनुष्य बेजार होतो.

आता आपल्या बडोद्याकडे वळू. १८७९ साली सयाजीराव महाराजांनी वसविलेली कमाटीबाग शंभराहून अधिक एकरांची. एवढ्या विस्तारात चार अंगणांस जागा नाही काय, असे कोणीही सहज म्हणेल. परंतु बागेतून विश्वामित्री वाहते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तिचे पाणी ३५ फुटांच्या वर चढले, हे आपण विसरलेलो नाही. पाणी जिरविणारी माती काँक्रीटखाली घालावयाची ती निदान नदीकाठी तरी घालू नये. वृक्षांखालची जागाही वर्ज्य: मुळे गुदमरतात, आणि पडलेल्या पानांवरून खेळणाऱ्याचा पाय घसरतो तो वेगळाच.

शाळांची मैदाने द्या, असाही एक सुलभ उपाय सुचविला जातो. येथे मात्र आम्हांस ठाम नकार द्यावासा वाटतो. आयुष्य शाळेत गेल्यामुळे आमचा पक्षपात होत असेल, तर होवो. १९२३ साली ज्या नगरीत हुतूतूची अखिल भारतीय स्पर्धा भरली, तेथील मुलांच्या पायांखालची माती चार जणांच्या खेळासाठी बुजवावी काय? खो-खोत मुले सूर मारतात, ते काँक्रीटवर कसे मारणार?

आमच्या मते जेथे जमीन आधीच बांधून काढलेली आहे, अशी जागा प्रथम धुंडाळावी: ओस पडलेले टेनिसचे मैदान, बागेच्या दारातील वापरात नसलेला चौथरा. अंगणे उत्तर-दक्षिण आखावीत, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सूर्य डोळ्यांवर येत नाही. शुल्क ठेवणे भाग पडलेच तर निदान सकाळचा एक तास निःशुल्क असावा. अन्यथा बाग सर्वांची आणि अंगण मोजक्यांचे, असे होईल. आणि नकाशावर सही होण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी दोन फळ्या व एक चेंडू घेऊन पहाटे सहाला त्या जागी जावे. दोघांनी तेथे खेळावे, तिसऱ्याने सर्वांत जवळच्या घराच्या गच्चीवर उभे राहून ऐकावे. त्या घरात रात्रपाळी करून आलेला कोणी झोपला असेल, तर दुपारी त्यालाही विचारावे.